‘कोणत्याही डेटावर काम करू शकते’ हे वाक्य आधी खोडा

वाचकाचे पत्र: ‘उपग्रहाच्या प्रतिमांवरून जमिनीतील ओलाव्याचा अंदाज बांधण्यासाठी मशीन लर्निंगचा उपयोग, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. प्रबंध पाच महिन्यांत सादर होईल. गेल्या सात महिन्यांत मी पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतबंद संशोधनाच्या, जागांसाठी ४३ अर्ज केले. दोन ठिकाणांहून नकार आला, बाकीच्यांनी उत्तरही दिले नाही. प्रत्येक अर्जात मी स्पष्ट लिहिते, की मला पायथन व आर या प्रोग्रामिंग भाषा आणि डीप लर्निंगची सगळी प्रचलित साधने येतात आणि मी कोणत्याही प्रकारच्या डेटावर काम करू शकते. मार्गदर्शक म्हणतात, आणखी दोन शोधनिबंध होऊ देत. बरोबरचे म्हणतात, कंपनीत जा. जागा नेमक्या कुठे शोधायच्या, अर्जात काय चुकते आहे आणि थांबायचे केव्हा, हे कोणी नीट सांगत नाही. ४४ व्या अर्जाची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे. तो करू का?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर माझी नजर पुन्हा पुन्हा जाऊन थांबली, आणि मला वाटते, तुमच्या वाट्याला आलेल्या मौनाचे बरेचसे कारण त्याच वाक्यात आहे. ‘मी कोणत्याही प्रकारच्या डेटावर काम करू शकते’ हे तुम्ही स्वतःचे बलस्थान म्हणून लिहिता. अर्ज वाचणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच कळते, की जिच्यावर हिचा स्वतःचा हक्क सांगता येईल अशी एकही समस्या हिच्यापाशी नाही. तुमच्या बाबतीत हे खरे नाही, हे तुमच्या विषयावरूनच दिसते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेजाच्या पलीकडे कोण बसलेले असते, याचा विचार करा. पोस्टडॉकची जागा बहुधा एखाद्या संशोधकाला मिळालेल्या काही वर्षांच्या अनुदानातून निघते. अनुदानाच्या प्रस्तावात त्याने काही ठोस वचने दिलेली असतात, त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात, आणि ज्या डेटाच्या भरवशावर ती वचने दिली तो हाती आल्यावर त्यात काही ना काही खोट निघालेली असते. साधने चालवू शकणारे उमेदवार त्याला पुष्कळ मिळतात. हा डेटा कुठे फसवतो आहे हे ज्याच्या लवकर लक्षात येईल आणि जो ते वेळेवर बोलून दाखवील, असा सहकारी मात्र फार शोधूनही सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी रुग्णालयातील नोंदींवर आधारलेल्या एका प्रकल्पासाठी मी निवड समितीवर होते. त्या वेळचे दोन अर्ज अजून लक्षात आहेत. पहिल्यात साधनांची यादीच पाऊण पान होती, आणि तीत खोटे काही नव्हते. दुसऱ्या अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात उमेदवाराने लिहिले होते, की आपण वापरलेल्या नोंदींत रक्ततपासणीपुढची वेळ ही रक्त काढल्याची होती, अहवाल हाती आल्याची नव्हती; त्यामुळे रुग्णाची प्रकृती बिघडेल का याचा सकाळी दहाचा अंदाज बांधताना आपले मॉडेल दुपारी दोनला आलेला अहवाल वापरत होते. चूक सुधारल्यावर अचूकता बरीच खाली आली, आणि त्याने आधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे अर्जात दिले होते. त्याच्या नावावर शोधनिबंध कमी होते. तरीही त्याला मुलाखतीला बोलवावे की नाही, यावर समितीत फारशी चर्चा करावी लागली नाही.

डेटा असा फसवतो अशी ठिकाणे तुमच्या विषयात जागोजागी आहेत. जमिनीतील ओल मोजणाऱ्या नासाच्या स्मॅप उपग्रहाचे रडार जुलै २०१५ मध्ये, उड्डाणाला सहा महिने होण्याच्या आतच बंद पडले. राहिलेल्या रेडिओमीटरची (जमिनीतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या उपकरणाची) नजर इतकी स्थूल आहे, की त्याचा एक ठिपका साधारण ४० किलोमीटर रुंदीच्या प्रदेशाची सरासरी सांगतो. जमिनीत पुरलेला संवेदक मात्र आपल्या भोवतालच्या वीतभर मातीपुरतेच बोलतो. या दोन मोजमापांचा मेळ घालताना चूक कोणाच्या पदरी टाकायची, हा तुमच्या क्षेत्रातला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. शिवाय उपग्रहाला वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर थराचीच ओल जाणवते. मुळांच्या पातळीवरची ओल अनुमानानेच काढावी लागते. आणि शेजारशेजारचे ठिपके चिठ्ठ्या टाकल्यासारखे प्रशिक्षण (ज्यावर मॉडेल शिकते) व चाचणी (ज्यावर ते तपासले जाते) या दोन गटांत वाटले, तर चाचणीतल्या ठिपक्याचा सख्खा शेजारी प्रशिक्षणात बसलेला असतो. मग मॉडेल स्वतः उत्तर काढत नाही, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. प्रिन्स्टन विद्यापीठातील सयश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, अशा प्रकारची गळती (मॉडेलला मिळू नये ती माहिती त्याच्यापर्यंत झिरपणे) १७ विद्याशाखांमधल्या संशोधनात आढळल्याचे दाखवले आहे. त्यामुळे आपल्या कामातली गळती स्वतः पकडलेल्या उमेदवाराविषयी समितीला विश्वास वाटतो, आणि हा विश्वास कोणत्याही प्रमाणपत्राने मिळत नाही. तुमच्या प्रबंधात असे कोणते पान आहे? तुमचे मॉडेल कुठे, कोणत्या ऋतूत, कोणत्या जमिनीवर चुकले आणि ते तुम्हाला कसे कळले? अर्जाची सुरुवात तिथून झाली पाहिजे.

आता जागा कुठे शोधायच्या ते. जाहिरात निघेपर्यंत थांबणारा उमेदवार उशिरा पोहोचतो. अनुदान मंजूर होणे आणि जाहिरात निघणे यांच्यामध्ये काही महिने जातात, आणि शोधाला खरा अर्थ असतो तो त्या महिन्यांत. मंजूर प्रकल्पांच्या याद्या संकेतस्थळांवर सर्वांसाठी खुल्या असतात. युरोपीय महासंघाचे प्रकल्प कॉर्डिसवर, ब्रिटनचे गेटवे टू रिसर्चवर, अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या अनुदानसूचीत आणि आरोग्यविषयक असल्यास तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या एनआयएच रिपोर्टरवर, प्रमुख संशोधकाच्या नावासह आणि सारांशासह वाचता येतात. युरोपीय संशोधन परिषदेचे प्रारंभिक अनुदान पाच वर्षांसाठी साधारण १५ लाख युरोंपर्यंत असते आणि त्याचे निकाल बहुधा सप्टेंबरच्या सुरुवातीला लागतात. ज्यांना ते मिळते त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा गट उभा करायचा असतो, म्हणजे माणसे घ्यायचीच असतात. त्या यादीतले तुमच्या विषयाचे दहा-पंधरा सारांश नीट वाचायला एक संध्याकाळ पुरते, आणि ती संध्याकाळ दहा आंधळ्या अर्जांपेक्षा जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

जाहिरातींची संकेतस्थळे तुम्ही पाहत असालच: युरोपसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्ज डॉट एसी डॉट यूके, अनेक विषयांसाठी अकॅडेमिक जॉब्ज ऑनलाइन, गणित आणि संख्याशास्त्रासाठी मॅथजॉब्ज. मात्र शोधताना ‘डेटा सायन्स’ या शब्दाच्या मागे लागू नका. तुमच्या कामाची जागा जलविज्ञान, कृषी-हवामान, दूरसंवेदन, भूगोल, पर्यावरण अभियांत्रिकी अशा कोणत्याही विभागात निघू शकते, आणि तिच्या शीर्षकात ‘डेटा’ हा शब्द नसेलही. संगणकशास्त्र विभागातल्या जागेसाठी तुमची स्पर्धा नवी पद्धती शोधणाऱ्यांशी होते. जलविज्ञानाच्या विभागात तुम्ही मोजकीच माणसे करू शकतात असे काम घेऊन जाता.

दुसरा रस्ता स्वतःच्या नावाने मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. युरोपची मारी स्क्वोदोव्हस्का-क्युरी पोस्टडॉक शिष्यवृत्ती कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. यजमान संस्थेबरोबर प्रस्ताव लिहायचा असतो, मुदत साधारणपणे सप्टेंबरमध्ये असते आणि निकाल पुढच्या फेब्रुवारीच्या सुमारास लागतो. तिच्या दोन अटींवर पुष्कळ जण अडतात: पीएचडी त्या मुदतीपर्यंत पदरात पडलेली असावी लागते, आणि ज्या देशात जायचे तिथे त्याआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेले चालत नाही. तुमचा प्रबंध पाच महिन्यांत सादर होणार असला, तरी सादर होणे आणि मौखिक परीक्षा होऊन निकाल लागणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलेंडर समोर ठेवून कोणत्या वर्षाची फेरी तुम्हाला लागू होते ते आजच ठरवा, आणि अटी त्या त्या वर्षीच्या मूळ कागदात पुन्हा वाचा. जर्मनीतील हुम्बोल्ट प्रतिष्ठानही अशी शिष्यवृत्ती देते. पोस्टडॉकसाठी पीएचडी होऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. एरिक आणि वेंडी श्मिट यांच्या नावाने २०२२ मध्ये सुरू झालेली एआय इन सायन्स ही शिष्यवृत्ती तर विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या संशोधकांनी आपल्या विषयात एआय वापरावे याच हेतूची आहे; ती ठरावीक विद्यापीठांमार्फत मिळते, तेव्हा त्या विद्यापीठांच्या मुदती स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. हे पत्र वाचणाऱ्यांत कोणी भौतिकशास्त्र किंवा गणितातून जीवशास्त्राकडे वळू पाहत असेल, तर ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची आंतरविद्याशाखीय शिष्यवृत्ती नेमकी त्यांच्यासाठी आहे.

शिष्यवृत्तीला अर्ज केल्यापासून रुजू होईपर्यंत वर्षभर सहज जाते. म्हणून दोन्ही रस्ते एकाच वेळी चालू ठेवावेत, आणि दोन्हींची सुरुवात एकाच गोष्टीने होते: यजमान होऊ शकणाऱ्या संशोधकाला लिहिलेल्या पत्राने. ते पत्र आठ-दहा ओळींपेक्षा मोठे नसावे. तुमच्यासाठी मी ते साधारण असे लिहीन: ‘आपल्या नव्या प्रकल्पात उपग्रहाच्या निरीक्षणांवरून मुळांच्या पातळीवरील ओल काढण्याचा उद्देश आहे, असे सारांशात वाचले. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी हे करून पाहिले. ओल्या महिन्यांत ते जमले आणि कोरड्या महिन्यांत फसले, कारण वरचा थर वाळला की खालच्या थराशी त्याचा संबंध सुटत जातो. तो भाग कोडसह या दुव्यावर आहे. आपल्या प्रकल्पात या अडचणीवर काम होणार असेल, तर मला त्यात सहभागी व्हायला आवडेल. माझा प्रबंध अमुक महिन्यात सादर होईल.’ यात स्तुती नाही, साधनांची यादी नाही, आणि पत्र वाचणाऱ्याला तुमच्याशी बोलायला एक निश्चित मुद्दा मिळतो. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा, एकदाच, नम्रपणे आठवण करावी.

त्या दुव्याच्या पलीकडे काय आहे, हे मात्र आधी पाहा. मध्यंतरी एका चांगल्या उमेदवाराची रेपॉझिटरी (कोडचा ऑनलाइन साठा) मी उघडली, तर प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत त्याच्या स्वतःच्या संगणकावरील फोल्डरचा पत्ता होता. म्हणजे ते काम दुसऱ्या कोणाच्याही यंत्रावर चालणे शक्य नव्हते, आणि तसे चालवून पाहण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती हेही त्यातून कळले. तुमच्या प्रकल्पांपैकी एकच निवडा आणि तो अनोळखी माणसाला अर्ध्या तासात चालवता येईल असा करा. सुरुवातीच्या टिपणात डेटा कुठून घेतला, त्याची कोणती आवृत्ती वापरली, काय गाळले व का गाळले, कोणती फाइल चालवली की प्रबंधातली कोणती आकृती तयार होते, एवढे आले पाहिजे. मूळ डेटा मोठा असेल तर छोटा नमुना सोबत ठेवा. मग ती आवृत्ती झेनोडोवर जमा करा. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या या भांडारात तिला कायमचा डीओआय (ओळखक्रमांक) मिळतो आणि सीव्हीत ती शोधनिबंधासारखी नोंदवता येते. हे काम दोन आठवडे खाईल. ते दोन आठवडे द्या.

मार्गदर्शकांचे म्हणणे मी अर्धे मान्य करीन. शोधनिबंध ज्या नियतकालिकात आला त्याच्या आकड्यांवरून संशोधकाला जोखू नका, कामाचा दर्जा पाहा, असे संशोधन-मूल्यमापनाविषयीचे सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्र २०१२ पासून सांगते आहे आणि अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत; तरीही समित्यांत निबंधांची मोजणी होते, हे मी स्वतः पाहिले आहे. पण ‘तयारीत’ असे लिहिलेले दोन निबंध मोजणीतही धरले जात नाहीत. त्याऐवजी जो निबंध हातात जवळजवळ पूर्ण आहे, तो सहलेखकांच्या संमतीने प्रीप्रिंट (समीक्षेआधीची खुली प्रत) म्हणून आर्काइव्ह (arXiv) या भांडारात किंवा भूविज्ञानासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या अर्थआर्काइव्हवर ठेवा, म्हणजे समितीला तो उघडून वाचता येईल. नव्या निबंधांची वाट पाहत अर्ज थांबवू नका.

शिफारसपत्रांविषयी थोडक्यात. बहुतेक ठिकाणी तीन लागतात आणि तिन्ही एकाच खोलीतून आलेली असली, तर त्यांचे वजन कमी होते. क्षेत्रीय मोजणी करणाऱ्या ज्या गटाचा डेटा तुम्ही वापरला, त्या गटातील ज्येष्ठ व्यक्तीला विचारा. तिला तुमची चिकित्सक दृष्टी माहीत असते. मुदतीच्या किमान एक महिना आधी विचारा आणि सोबत एक पान द्या: जागा कोणती, तुम्ही काय मांडता आहात, आणि त्यांनी तुमच्या कोणत्या कामाविषयी लिहिले तर उपयोग होईल.

मुलाखतीपर्यंत पोहोचाल तेव्हा प्रश्न तुम्हीही विचारायचे आहेत. करार एक वर्षाचा आहे की सलग दोन-तीन वर्षांचा, आणि मुदतवाढ कशावर अवलंबून आहे? डेटा आज हातात आहे की त्याची परवानगी अजून यायची आहे? (आरोग्य किंवा सरकारी नोंदींच्या प्रकल्पात करारातले अर्धे वर्ष या परवानगीत गेलेले मी पाहिले आहे.) गणनेसाठी कोणते संगणक मिळतील? जाताना माझे काम मला नेता येईल का? आणि याआधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या माजी पोस्टडॉककडूनच मिळवा. प्रश्न ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्या हाताखाली तीन वर्षे काढणे कठीण जाईल.

कंपनीत जाण्याविषयी तुमच्या मनात अपराधीपणा आहे, असे पत्रावरून वाटले. तो ठेवू नका. फक्त ४३ अर्जांच्या थकव्यात तो निर्णय घेऊ नका. मशीन लर्निंगच्या मूळ पद्धतींवर काम करणारे, कंपनीतून शोधनिबंध प्रसिद्ध करता येत असतील, तर विद्यापीठात परत येताना दिसतात. तुमच्यासारख्या उपयोजित विषयात दोन-तीन वर्षे काहीच प्रसिद्ध झाले नाही, तर परतीची वाट अरुंद होते. हे कळून घेतलेला निर्णय कोणताही असो, तो तुमचा असेल. शिवाय या दोन्हींच्या मध्ये आणखी एक वाट आहे. रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर हे नाव २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये पुढे आले आणि आता अनेक विद्यापीठांत व प्रयोगशाळांत त्या नावाचे गट आहेत. संशोधनाच्या जवळ राहून भक्कम प्रणाली उभारायला ज्यांना आवडते, त्यांना तिथे बऱ्याचदा पोस्टडॉकपेक्षा स्थिर नोकरी मिळते. तुम्हाला निबंध लिहिताना जास्त आनंद होतो की कोड नीट लावताना, याचे उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या.

थांबायचे केव्हा, याची तारीख आताच ठरवा, कारण मध्यावर ती ठरत नाही. पुढचे बारा महिने धरा, त्यात वर सांगितल्याप्रमाणे केलेले दहा-बारा अर्ज आणि एक-दोन शिष्यवृत्त्या. मुलाखती येत असतील आणि निवड होत नसेल, तर सादरीकरणावर काम करायचे. मुलाखतही येत नसेल, तर आधी विषयाची मांडणी आणि शिफारसपत्रे तपासायची. तरीही वर्षअखेरीस काही हलले नाही, तर दुसऱ्या वाटेला लागावे. या काळात ‘सध्या बिनपगारी काम करा, पुढे पाहू’ असे कोणी सुचवले, तर नकार द्या.

४४ वा अर्ज कराच. साधनांची यादी सीव्हीच्या शेवटी दोन ओळींत न्या, ‘कोणत्याही प्रकारच्या डेटावर’ हे वाक्य खोडा आणि पहिल्या परिच्छेदात तुमचे मॉडेल कुठे चुकले व ते तुम्ही कसे पकडले, ते आकड्यांसह लिहा. ते पान मार्गदर्शकांच्या आधी अशा कोणाला तरी वाचायला द्या, ज्याने स्वतः शेतात संवेदक पुरले आहेत पण ज्याला मशीन लर्निंग येत नाही, आणि जिथे तो अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. एका आठवड्यात एवढे निश्चित होईल.